वाचकांचे प्रश्न : श्रीलंकेची तळी, राजधान्या आणि मळ्यांतली माणसे

प्रश्न : अनुराधापूर आणि पोलोन्नरुव या श्रीलंकेच्या प्राचीन राजधान्या बेटाच्या कोरड्या भागात होत्या, आणि आजची दाट वस्ती मात्र नैर्ऋत्येच्या पावसाळी पट्ट्यात आहे. पाण्याचा प्रदेश सोडून जुन्या राजांनी कोरडी भूमी का निवडली असावी? (एक वाचक, लातूर)

उत्तर : श्रीलंकेचे क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे आहे. बेटाच्या दक्षिण-मध्य भागात अडीच हजार मीटरपर्यंत चढत जाणारे डोंगर असल्यामुळे एवढ्याशा भूमीत पावसाचे दोन निराळे प्रदेश तयार झाले आहेत. मे ते सप्टेंबरमधील नैर्ऋत्य मोसमी पाऊस डोंगरांच्या पश्चिम उतारावर कोसळतो आणि पलीकडचा उत्तर व पूर्व भाग त्या महिन्यांत कोरडा राहतो. त्याची सारी भिस्त ऑक्टोबर ते जानेवारीच्या पावसावर असते. वर्षाला 1,750 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या या भागाला तेथे कोरडा प्रदेश म्हणतात, याचे लातूरकरांना नवल वाटेल, परंतु हा पाऊस मोजक्याच महिन्यांत येतो आणि उरलेल्या काळात ऊन-वाऱ्याने साठलेले पाणीही आटत जाते.

तरीही भातशेतीसाठी हीच भूमी सोयीची होती. पावसाळी प्रदेशात घनदाट अरण्य आणि उभे चढ होते, तर इकडे जमीन मंद उताराची असल्याने मातीचा लांब बांध घातला की तलाव तयार होई. असे हजारो तलाव बांधले गेले. वरच्या तलावाचे पाणी शेतांतून झिरपून खालच्या तलावात यावे अशी त्यांची साखळी असे. मोठ्या तलावांत पाण्याच्या दाबाने बांध फुटू नये म्हणून बांधाच्या आतल्या अंगाला घट्ट बसवलेल्या चिऱ्यांची चौकोनी विहीर बांधत आणि तिच्यातून विसर्ग हवा तेवढाच सोडत. या रचनेला सिंहलीत ‘बिसोकोटुव’ म्हणतात. माझ्या मते श्रीलंकेच्या प्राचीन स्तूपांइतकेच या विहिरीचेही कौतुक व्हायला हवे. तलावांशी जोडलेला समाजही तितकाच विचारी होता : पाणी कमी असलेल्या हंगामात तलावालगतचीच शेते कसायची आणि तेवढी जमीन सर्व खातेदारांनी त्या हंगामापुरती वाटून घ्यायची, ही ‘बेत्म’ नावाची रीत तेथे रूढ होती आणि आजही काही गावांत ती पाळली जाते.

पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव हा विशाल तलाव बांधला. त्यातून अनुराधापूरकडे नेलेला सुमारे 87 किलोमीटरचा कालवा सुरुवातीच्या टप्प्यात किलोमीटरमागे जेमतेम 10 सेंटीमीटर उतरतो. ‘चूळवंस’ या पाली बखरीत सांगितले आहे की, राजपुत्र कश्यपाने सत्ता बळकावून बापाकडे दडवलेल्या खजिन्याची मागणी केली, तेव्हा धातुसेनाने कलावेवच्या पाण्यात स्नान केले आणि हेच आपले सारे धन असल्याचे सांगितले. पुढे कश्यपाने त्याला ठार करविले आणि सिगिरियाच्या खडकावर आपला प्रासाद उभारला.

ही व्यवस्था तेराव्या शतकात मोडली. 1215 मध्ये कलिंगाच्या माघाने केलेल्या स्वारीत पोलोन्नरुवची राजवट कोसळली आणि तलावांची डागडुजी करणारी यंत्रणा विस्कटली. पुढे मलेरियाने त्या मुलखात कायमचे ठाण मांडले. यांतील कोणत्या कारणाला किती वजन द्यावे यावर इतिहासकारांत मतभेद असले, तरी राजधान्या नैर्ऋत्येकडे सरकत गेल्या हे निश्चित आहे. 1505 मध्ये आलेल्या पोर्तुगीजांना, आणि त्यांच्यामागून डचांना, हवी असलेली दालचिनीही याच ओल्या पट्ट्यात होत असे. त्यामुळे कोलंबोचे महत्त्व वाढतच गेले, आणि 1815 मध्ये डोंगरातले कँडीचे राज्य ब्रिटिशांच्या हाती गेल्यावर तर सारा कारभार कोलंबोतूनच चालू लागला.

प्रश्न : श्रीलंकेची राजधानी कोलंबो की श्री जयवर्धनपुर कोट्टे?

उत्तर : संसद 1982 पासून कोट्टे येथे आहे आणि अधिकृत राजधानी तीच मानली जाते, राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय, सर्वोच्च न्यायालय आणि व्यापार मात्र कोलंबोत आहे. दोन्ही शहरे एकमेकांना लागून आहेत.

प्रश्न : जाफन्याचे तमिळ आणि चहाच्या मळ्यांतले तमिळ हा एकच समाज आहे का?

उत्तर : भाषा एक असली, तरी इतिहास वेगळा आहे. 2012 च्या जनगणनेनुसार सिंहली सुमारे 75 टक्के, श्रीलंकन तमिळ 11 टक्के, मुस्लिम मूर 9 टक्के आणि भारतीय वंशाचे तमिळ 4 टक्के होते. मूरही बहुतांशी तमिळ बोलतात, पण स्वतःला निराळा समाज मानतात. ऑक्टोबर 1990 मध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने उत्तर भागातून मुस्लिमांना हाकलले, त्यावरून हे अंतर कळते. उत्तरेकडील जाफना व पूर्व किनाऱ्यावरचे तमिळ शतकानुशतके बेटावर राहत आलेले आहेत. मळ्यांतल्या तमिळांचे पूर्वज ब्रिटिश काळात दक्षिण भारतातल्या तमिळ मुलखातून आले. ‘कंगाणी’ म्हणजे मुकादम त्यांना उचल देऊन जमवी, समुद्र ओलांडून मन्नारला उतरवी आणि तेथून अरण्यातून मातलेपर्यंत पायी नेई. या वाटेवर कॉलऱ्याने आणि तापाने असंख्य माणसे मेली. आधी मळे कॉफीचे होते. 1869 पासून पसरलेल्या तांबेरा रोगाने कॉफी बुडाली आणि तिची जागा चहाने घेतली.

देश 4 फेब्रुवारी 1948 रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या समाजातील बहुसंख्य लोकांना परके ठरवले. बाप, किंवा आजोबा आणि पणजोबा, येथेच जन्मल्याचा कागद मळ्यातल्या मजुराने आणायचा कोठून? जाफन्याच्या राजकारणातही यावरून फूट पडली : तमिळ नेते जी. जी. पोन्नंबलम सरकारात सामील झाले, तर त्यांचे सहकारी एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी विरोध करून 1949 मध्ये निराळा पक्ष काढला. 1964 मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके या दोन देशांच्या पंतप्रधानांच्या करारात 9,75,000 माणसांची वाटणी ठरली. 5,25,000 भारताने घ्यायची, 3,00,000 श्रीलंकेने स्वीकारायची आणि उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहायचे, असे दोन सरकारांनी ठरवले. त्या माणसांचे मत कोणी विचारले नाही. परत पाठवलेल्यांपैकी अनेक कुटुंबांना निलगिरीत तमिळनाडू सरकारच्या चहामळ्यांवर काम मिळाले. मागे राहिलेल्या शेवटच्या राज्यहीन लोकांना नागरिकत्व मिळण्यासाठी 2003 चा कायदा यावा लागला.

आज हे लोक स्वतःला ‘मलैयह’, म्हणजे डोंगराळ मुलखातले, तमिळ म्हणवतात. मतदानाचा हक्क त्यांना मिळाला आहे, त्यांचे प्रतिनिधी संसदेत आहेत. परंतु त्यांतली अनेक कुटुंबे अजूनही मळ्याच्या मालकीच्या जागेवरील जुन्या चाळींतल्या एकेका खोलीत राहतात, आणि घराखालची जमीन आपल्या नावावर व्हावी ही त्यांची मागणी आजही मोठ्या प्रमाणात अपूर्णच आहे.