'हेलो ३: ओडीएसटी' या व्हिडिओ गेममधले ऑडिओ लॉग (शहरभर विखुरलेली ध्वनिमुद्रणं) शोधले नाहीत तर कथा कळते का?

मुख्य कथा कळते, पण सेडी एन्डेशाची कथा पूर्ण हुकते, आणि माझ्या मते या गेमचा जीव तिच्यातच आहे. २००९ साली आलेला हा गेम मी दोनदा खेळलोय, पहिल्यांदा लॉग सोडून आणि दुसऱ्यांदा सगळे गोळा करून, म्हणून सांगतो.

एकूण ३० लॉग आहेत. परग्रहवासीयांचा हल्ला झाला त्या दिवशी न्यू मोंबासात आपल्या वडिलांना शोधत निघालेल्या सेडीची ती ध्वनिनाटिका आहे. शहर सांभाळणारी 'सुपरिंटेंडंट' ही यंत्रणा तिला वाट दाखवत असते, आणि तीच यंत्रणा तुम्हालाही खुणावते. रात्री पाऊस पडतोय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि कोपऱ्यावरचा फोन एकाएकी खणाणतो. तिथे जा, बहुतेक वेळा लॉग मिळतोच. ते ऐकल्यावरच शेवटी 'व्हर्जिल', म्हणजे सुपरिंटेंडंटचाच एक भाग, एवढा मोलाचा का, हे मनाला भिडतं. शिवाय डेटा हाइव्हमध्ये (शहराखालच्या माहिती-केंद्रात) भेटणारा पोलीस लॉग गोळा केलेले असतील तर वेगळा वागतो. पुढचं सांगत नाही, स्वतः बघा.

एक मात्र आहे: पहिल्याच खेपेला तिसावर तीस करायच्या मागे लागू नका. त्याच अंधाऱ्या गल्ल्या पुन्हापुन्हा पालथ्या घालताना मूळ कथेची लय तुटते. वाटेत फोन वाजला, दिवा लुकलुकला, तर तेवढे घ्या. उरलेले नंतर मोंबासाच्या रस्त्यांवर परत येऊन शोधता येतात.