जुन्या गाडीचा स्टिरिओ चालू होतो पण आवाजच येत नाही, दुरुस्त करू की नवीन बसवू?

डिस्प्ले लागतो, स्टेशन बदलतं, आवाज मात्र नाही आणि कधीतरी दार आपटलं की मधेच वाजायला लागतो न परत गप्प होतो, असं तुम्ही लिहिलंय. मग नवीन सेट घ्यायची घाई अजिबात करू नका, कारण हे लक्षण सेटपेक्षा दारातल्या वायरीचं जास्त वाटतंय आणि तसं असेल तर नवा सेटही तसाच गप्प बसेल.

दार आणि बॉडीच्या मधे बिजागरीपाशी एक रबराची नळी असते बघा, स्पीकरच्या वायरी तिच्यातून जातात. दार उघडताना मिटताना त्या रोज तिथेच वाकतात, वर्षानुवर्षं असं झालं की वरचं प्लास्टिक तडकतं आणि आतलं तांबं बॉडीला टेकायला लागतं. आता एका दाराची वायर टेकली तर चारही स्पीकर का बंद, असं वाटेल. तर अशा बहुतेक सेटमधे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, साधारण बॅटरीच्या निम्मं, म्हणजे मायनस लिहिलेली वायरसुद्धा अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) नसते. ती बॉडीला लागली की आतला आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारी चिप, जळू नये म्हणून स्वतःच सगळा आवाज तोडतो, डिस्प्ले बिचारा चालूच राहतो. (म्हणूनच मायनस सगळ्या एकत्र पिळून बॉडीला जोडणारा कारागीर दिसला तर गाडी घेऊन निघून यायचं.)

बघायचं कसं, तर आधी ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करा, सगळ्यात जास्त उघडतं तेच. रबर मागे सरकवून वायरी बोटाने हळू वाकवून बघा, तडकलेली लगेच कळते. नाही सापडली तर सेट बाहेर ओढावा लागेल. त्याआधी एक काम, स्टिरिओला सिक्युरिटी कोड आहे का ते गाडीच्या पुस्तकात शोधून ठेवा, जुन्या बऱ्याच सेटना करंट तुटला की कोड लागतो आणि नसला तर चांगला सेट उगाच अडकून बसतो. सेटच्या मागचा स्पीकरचा प्लग काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक बॉडीच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं प्लगमधल्या एकेका स्पीकर वायरीला. जी बीप देईल तिच्या जोडीत शॉर्ट, म्हणजे तांबं बॉडीला टेकलंय (मधे स्पीकर असल्याने जोडीतल्या दोन्ही वायरी बीप देऊ शकतात). मग जोडीजोडीने ओहम मोजा, 4 ओहमचा स्पीकर 3 ते 4 च्या मधे काहीतरी दाखवतो, काहीच दाखवलं नाही तर वायर तुटलीय किंवा स्पीकर गेलाय. मीटर नसेल तर भिंतीवरच्या घड्याळातला 1.5 व्होल्टचा सेल घ्या आणि त्या जोडीला क्षणभर टेकवा, स्पीकर ठीक असेल तर टक्क असा आवाज येतो.

वायरच निघाली तर मऊ, बारीक तारांची वायर घेऊन तेवढा तुकडा बदला, सोल्डर मारून वर स्लीव्ह चढवा, फक्त जोड वाकतं तिथे ठेवू नका, पुढे मागे घ्या. नुसती चिकटपट्टी उन्हात सुटते.

प्लग काढून सेटला थेट एक चांगला स्पीकर लावला तरी आवाज नाही, तर मात्र दोष सेटमधे. आयसी बदलून मिळतो आणि तो करून घेण्यासारखा आहे. सीडीची लेन्स किंवा कॅसेटचा पट्टा गेला असेल तर मी तरी नादाला लागणार नाही, तिथे सरळ नवीन.

नवीन घेताना जागा मोजा, सिंगल डिन म्हणजे 180 बाय 50 मिलिमीटर, डबल डिन 180 बाय 100. बॉक्सवर 50 वॉट गुणिले 4 छापलेलं असतं ते वाचून हुरळून जाऊ नका, सतत मिळतात ते साधारण 20 च्या आसपास. आणि गाडीचा मूळ प्लग कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा ॲडॉप्टर घ्या, बसवणारे घाईत कापतात न नंतर कुठली वायर कशाची ते त्यांनाच कळत नाही. नव्या सेटला पिवळी वायर कायमची 12 व्होल्ट, लाल चावीवरची आणि काळी अर्थ. काही गाड्यांत प्लगमधे पिवळी लाल उलट येते, मग चावी काढली की घड्याळ, स्टेशन सगळं पुसलं जातं, त्या दोघींची अदलाबदल केली की झालं. दोन्ही एकत्र करून कायमच्या लाईनला जोडल्या तर बॅटरी उतरते, हा शॉर्टकट कुणी सुचवला तरी घेऊ नका. बसवल्यावर एफएम खरखरायला लागलं तर निळी वायर जोडलीय का बघा, काही गाड्यांच्या अँटेनात छोटा ॲम्प्लिफायर असतो त्याला करंट त्याच वायरीतून जातो.