पुस्तकं नको, दिवस मोज

प्रिय नव्या बाई,

(मुलं आता तुला हीच हाक मारणार, सवय करून घे.)

वर्तकनगरच्या शाळेत पाचवीचा वर्ग मिळाला, पट ४५, आणि वाचन प्रेरणा दिनाला ‘काहीतरी मोठं’ करायचा निरोप आलाय. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस; काहीतरी करावं लागेलच. पण वर्गाला रोज वाचायचं आव्हान देणार असशील, तर ते त्या तारखेला बांधू नकोस. आजूबाजूला सहामाही परीक्षा, पाठोपाठ दिवाळीची सुट्टी. सुरू झालेलं वाचन फराळात बुडतं. त्या दिवशी मुलांना पुस्तकं नुसती हाताळू दे. आव्हान सुट्टीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात काढ.

शाळेचे २१ दिवस, रोज १५ मिनिटं, आणि वर्गातच. घरी वाचायला सांगितलंस तर एका खोलीत टीव्ही, धाकटं भावंड, पाहुणे. आणि पालक सात दिवसांच्या सह्या एकदम करून मोकळे. वेळ हजेरीनंतर लगेचची. शेवटच्या तासाला निम्मं लक्ष व्हॅनवाल्या काकांकडे असतं.

‘सर्वांत जास्त पुस्तकं कुणी वाचली’ हे मात्र कधीच विचारू नकोस. विचारलंस की मुलं सगळ्यांत बारीक पुस्तक शोधतात, पानं उलटून ‘झालं’ म्हणतात, आणि सावकाश वाचणारी तिसऱ्या दिवशी सोडून देतात. शेवटी दोन हुशार मुलांची शर्यत उरते, ज्यांना तुझी गरजच नव्हती. त्यापेक्षा वर्गाचा एकच तक्ता कर. ४५ मुलं, २१ दिवस, म्हणजे ९४५ चौकटी. १५ मिनिटं वाचलं की आपली चौकट रंगवायची. एक पान झालं की दहा, ते बघायचं नाही. लक्ष्य ८०० ठेव. म्हणजे रोज सहा-सात मुलं गैरहजर असली तरी जमतं, आणि आजारी पडलेल्यावर कुणी डाफरत नाही. बक्षीस सगळ्या वर्गाला: ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची सहल. १८९३ सालची संस्था आहे, आधी विचारून वेळ ठरव आणि वर्गाचे दोन गट करून ने.

पुस्तकं माणशी दोन, म्हणजे ९० तरी हवीत. ४५ च असली तर शेवटी उठणाऱ्यांच्या हाती उरलंसुरलं येतं. तिसरा हिस्सा चित्रांचा असू दे, पाचवीलासुद्धा. थोडी हिंदी ठेव, कारण बऱ्याच घरांत तीच बोलली जाते. पैशांची अडचण असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, आणि ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी छापून वापरायला परवानगी आहे. तिथे पातळी १ ते ४ दिलेली असते. तू २ आणि ३ घे, अडखळणाऱ्यांसाठी थोड्या १ च्या.

कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी दिसतात, म्हणून सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी मुखपृष्ठ पुढे करून लाव. ३२ पानांपेक्षा जाड पुस्तक घसरतं, ते टोपलीत. खिडकीची भिंत टाळ, पुढच्या पावसाळ्यात ओल येईल.

निवडताना पाच बोटांची युक्ती शिकव: मधलं पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, मूठ बंद झाली तर पुस्तक बदलायचं. जोडाक्षरांवर अडखळणारी पाच-सात मुलं असतीलच. त्यांना आठवड्यातून दोनदा सातवीचा एकेक जोडीदार दे. एक पान त्याचं, एक याचं. मोठ्याला बजाव की शब्द अडला तर मनात पाच मोजल्याशिवाय सांगायचा नाही. नाहीतर धाकटा नुसता त्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

नोंद पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर: पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, मित्राला सांगावंसं वाटलेलं एक वाक्य. सारांश नको, गुण नकोत. ‘यातून काय बोध घ्याल?’ तर नकोच नको. तो प्रश्न आला की मुलं गोष्ट सोडून उत्तर वाचायला लागतात.

आठव्या-नवव्या दिवशी वर्ग ढेपाळेल, चुळबुळ वाढेल. दोन दिवस तू स्वतः मोठ्याने वाच, आणि ऐन रंगात आल्यावर थांबून पुस्तक दोरीवर लाव. एरवी त्या १५ मिनिटांत वह्या तपासू नकोस. तूही वाचत बस. मुलं तिरक्या नजरेने बघत असतात.

चार-सहा पुस्तकं हरवणार, धरूनच चल. दंड लावलास तर पुस्तक घरी न्यायलाच मुलं घाबरतील.

आणि चिमटे शंभर नको, दीडशे आण. पहिल्या आठवड्यात निम्मे मुलींच्या केसांत दिसतील.

तुझी,
ताई