सैनिकवाहू जहाजाचं पहिलं मॉडेल: तोफा चिकटवण्याआधी

पहिल्यांदाच ब्रिटिश सैनिकवाहू जहाज करताय, छान विषय निवडलात. गोंद हातात घेण्यापूर्वी एवढं ठरवा: जहाज कोणत्या वर्षाचं? नवखे इथेच फसतात. 1940 साली बहुधा पिछाडीला जुनी 6 इंची तोफ, एखादी 12 पौंडी विमानवेधी आणि थोड्या लुईस मशीनगन, एवढंच असे. ऑर्लिकन या 20 मिलिमीटरच्या विमानवेधी तोफांच्या रांगा नंतरच्या. 1943 चा फोटो बघून त्या 1940 च्या जहाजावर चढवू नका.

ऑर्लिकनचे गोल कठडे उंच चौथऱ्यांवर घ्या; लाइफबोटी आड आल्या तर तोफ फिरणार कुठे? 1:350 मापात अख्खी तोफ जेमतेम 6 मिलिमीटर भरते, त्यामुळे किटमधली प्लास्टिकची नळी हमखास जाड दिसते. बाकी काही नको, फक्त नळ्या पितळी घ्या. कठडा आतून आधी रंगवा, तोफ नंतर बसवा. उलट केलंत तर ब्रश आत जात नाही.

बचाव-तराफे डेकवर सपाट ठेवू नका. बरेचसे उतरत्या चौकटीवर बांधलेले असत, बांधणी सोडली की थेट पाण्यात.

रेलिंग सगळ्यात शेवटी. रॉकेट, रडार सध्या राहू द्या.