हळदीकुंकवाला जायचं का?

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या रूममेटची बहीण नवरा-मुलांसह मिशनच्या कामासाठी अमेरिकेहून गिरगावात राहायला गेली आणि शेजारच्या काकूंनी तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. ती ख्रिस्ती, त्यात मिशनरी. तिने जावं का, आणि कुंकवाचं काय, असं तू विचारलंयस.

जावं. बोलावणं आलं की पाच मिनिटं तरी टेकून यायचं. नाही गेली तर काकू काही बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील. चार ते आठ वेळ सांगितली असेल तर सहाला जावं. चारच्या ठोक्याला गेली तर काकू अजून साडीच नेसत असतील. चपला दाराबाहेर. साडीच हवी असं काही नाही.

कुंकू नको असेल तर हसून हात जोडावेत आणि 'मी लावत नाही' एवढंच म्हणावं. लांबण लावू नये. आमच्या चाळीत एक ख्रिस्ती बाई यायच्या, शाळेत शिकवायच्या. कुंकवाची बोटं पुढे आली की मान हलवायच्या, पण अत्तरासाठी मनगट स्वतःहून पुढे करायच्या, गुलाबदाणीचे थेंब तोंडावर उडाले की खुदकन हसायच्या आणि तिळाची वडी हक्काने दुसरी मागायच्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्याच चाळीतल्या विधवा आजींना मात्र बोलावणं नसायचं, याचा मला अजून राग येतो. आता बऱ्याच घरी सगळ्यांना बोलावतात.

एक मात्र तिला नीट सांग: पर्समध्ये पत्रकं नकोत. मुंबईची आठवण लांबची असते. पहिले अमेरिकन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये इथे उतरले तेव्हा कंपनी सरकारच त्यांना परत धाडायला निघालं होतं. पुढे १८२९ मध्ये स्कॉटलंडहून जॉन आणि मार्गारेट विल्सन आले. मार्गारेटबाई मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये मुंबईतच वारल्या. चौपाटीवरचं विल्सन कॉलेज त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं. पण १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात गहजब झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि लोकांनी विल्सनसाहेबांच्या शाळेतून पोरं भराभर काढून घेतली. शाळा हवी होती, त्यामागचा हेतू नको होता. ते बिचकणं अजून पुरतं गेलेलं नाही, आणि माझ्या मते ते अगदीच अनाठायीही नाही. म्हणून काकूंच्या घरी तिने पाहुणी म्हणून जावं, बस्स.

निघताना हातात वाण देतील. 'कशाला उगीच' म्हणायचं आणि घ्यायचं. लगेच परतफेड म्हणून चॉकलेटचा डबा पाठवू नये, काकूंना ते हिशेब चुकता केल्यासारखं वाटेल. डिसेंबरात नाताळचा केक शेजारी जाईलच. मात्र काकूंनी कधी वाटीतून भाजी पाठवली तर ती वाटी रिकामी परत करू नये. काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी.

बाकी अडलं तर काकूंनाच विचारू दे. मी गिरगाव सोडलं तेव्हा वाणात स्टीलच्या वाट्या असायच्या, आता म्हणे कापडी पिशव्या देतात.

तुझी,
आई