आखाडा सुटला, आता कारखानाही बदलायचा?

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून समुपदेशनासाठी येणाऱ्या माजी खेळाडूंकडून एक प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. खेळ थांबल्यावर मोठ्या कष्टाने व्यवसाय उभा केलेला असतो, तो काही वर्षे बरा चालतो, मग बाजार पालटतो आणि व्यवसायाचे रूप बदलण्याची वेळ येते. त्या वेळी पैशांच्या काळजीपेक्षाही एक जुनी भीती जास्त छळते: आधी खेळ सोडला, आता हेही सोडायचे, म्हणजे मी दुसऱ्यांदा हरलो का? या प्रश्नाच्या निमित्ताने मी एका माजी मल्लाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि नाव देत नाही. त्यांच्या पेठेत त्यांना सगळे पैलवान म्हणतात, तसेच मीही म्हणेन.

पैलवानांचा जन्म मूर्तिकारांच्या घरातला. आजोबा आणि वडील गणपतीच्या मूर्ती घडवत. मुलगा अंगापिंडाने भरलेला म्हणून वडिलांनी त्यांना लहानपणीच तालमीत घातले. पहाटे आणि संध्याकाळी मेहनत, दुपारी घरच्या कारखान्यात मातीकाम, असे त्यांचे शिकण्याचे वय गेले. जत्रांतील मैदाने मारत ते कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानापर्यंत पोहोचले. तिथे काही चांगल्या कुस्त्या केल्या. मग खांदा निखळला. उपचारानंतर ते पुन्हा कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरले, खांदा पुन्हा निखळला आणि डॉक्टरांनी कुस्ती बंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तालमीत जाणेच थांबवले, वस्तादांचा निरोपसुद्धा घेतला नाही.

पुढे त्यांनी हातातली कला आणि तालमीतली ओळख एकत्र आणून काम सुरू केले. तालमींसाठी मारुतीच्या मूर्ती, दिवंगत वस्तादांचे अर्धपुतळे, मैदानांसाठी बक्षिसाच्या ढाली आणि गदा अशी मागणी वाढत गेली. लाकडी गदेवर चांदीचा पत्रा चढवायचे काम ते हुपरीच्या कारागिरांकडून करून घेत. नंतर साचे आणि फायबरचे ओतकाम यांसाठी नदीकाठच्या बाजूला मोठी शेड घेतली, माणसे ठेवली. घाऊक बाजारातून तयार चषक स्वस्तात मिळू लागले, तेव्हा मागणी घटायला लागली. 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शेडमध्ये शिरून प्लास्टरचे साचे भिजून फुटले, आणि ते पुन्हा करून होतात न होतात तोच 2020 मध्ये जत्राच बंद झाल्या. त्यांनी एका पतसंस्थेचे कर्ज काढून शेड चालू ठेवली, ते फेडायला दुसरे काढले.

त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या त्या त्यांच्या पत्नी. रात्री झोप नाही, मुलाशी बोलणे नाही, जेवणावर वासना नाही आणि शेड बंद करण्याचा विषय काढला की घर डोक्यावर घेतात, असे त्यांनी सांगितले. पैलवान बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "ताई, पाठ दाखवून जायचं आम्हाला कुणी शिकवलंच न्हाई. एकदा गेलो, तेच अजून उरात हाय. आता परत न्हाई."

पुढचे सगळे काम या वाक्यावर उभे राहिले, म्हणून इथे थोडे थांबते. मातीवरची निकाली कुस्ती एक जण चितपट होईपर्यंत चालते. खाली सापडलेल्या मल्लाने दम धरला, अंग आवळून पडून राहिला, तर वरचा थकतो आणि डाव उलटू शकतो. त्यामुळे सोसणे हे तिथे खरोखरच कौशल्य आहे. व्यवसायात मात्र समोर थकणारा प्रतिस्पर्धी नसतो. स्वस्त चषकांचा बाजार दमत नाही, कर्जाचे व्याज दमत नाही आणि कुस्ती सुटली असे सांगायला पंचही नसतो. पैलवानांना आळस नव्हता, बुद्धीची उणीव नव्हती. ज्या सवयीने त्यांना मोठे केले, तीच त्यांना बुडत्या शेडमध्ये धरून ठेवत होती. माजी खेळाडूंच्या घरच्यांनी हे समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण 'हट्टी आहे' म्हणून विषय संपवला की माणूस आणखी आवळून पडतो.

ही ओढ केवळ खेळाडूंचीच असते असेही नाही. अमेरिकेतील संशोधक आर्क्स आणि ब्लूमर यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाटकांच्या हंगामाची तिकिटे काही प्रेक्षकांना पूर्ण किमतीला आणि काहींना सवलतीत दिली होती. हंगामाच्या पहिल्या भागात पूर्ण पैसे मोजणाऱ्यांनी जास्त नाटके पाहिली. नाटके तीच होती. गेलेला पैसा परत येणार नव्हता, तरी तो त्यांना नाट्यगृहाकडे ओढत होता. पैलवानांचा पैसा गेला होता, शिवाय पुरानंतर रात्र रात्र जागून केलेले साचे होते आणि त्याखाली अर्धवट सुटलेली कुस्ती होती. शेड म्हणजे ते हौद्यातून न उठण्याची दुसरी संधी, असे त्यांच्या मनाने ठरवले होते. अशा वेळी कुणी शेडचा ताळेबंद मांडला तरी तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आम्ही आधी शेडचा विषय बाजूला ठेवला आणि कुस्तीबद्दल बोललो. खांदा निखळला त्या दिवसाबद्दल ते घरातही कधी बोललेले नव्हते. त्यानंतर खासबागेच्या दरवाजासमोरून जावे लागू नये म्हणून ते आजवर वाट वाकडी करत होते. एखादे माणूस गेल्यावर घर सुतक पाळते, भेटायला माणसे येतात, दुःखाला जागा मिळते. खेळ गेल्यावर तसे काहीच होत नाही आणि लोक लगेच विचारतात, 'मग आता काय करणार?' मी त्यांना एकच काम सुचवले, ते म्हणजे वस्तादांना भेटून न घेतलेला निरोप घेणे. त्यांनी ते बरेच दिवस टाळले. मग एका संध्याकाळी गेले. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मात्र त्यानंतर ते आठवड्यातून एक-दोनदा तालमीच्या कट्ट्यावर बसू लागले, पोरांच्या चुका दाखवू लागले.

त्याच काळात डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊन त्यांनी हलका व्यायाम सुरू केला. वर्षानुवर्षे जोर-बैठका काढलेले शरीर एकदम थांबले तर झोप आणि मन या दोन्हींवर परिणाम होऊ शकतो, हे अनेक माजी खेळाडूंना ठाऊकच नसते. रंकाळा तलावावर सकाळी चालणे त्यांना सुरुवातीला कमीपणाचे वाटले. नंतर पत्नीही सोबत जाऊ लागल्या आणि मला वाटते, त्यांच्यातला संवाद माझ्या खोलीपेक्षा त्या रस्त्यावर जास्त मोकळा झाला.

शेडचा विषय मग त्यांनीच काढला. मी विचारले, "आज हातात काहीच नसते आणि नव्याने सुरुवात करायची असती, तर यातले कोणते काम तुम्ही पुन्हा हाती घेतले असते?" त्यांनी उत्तर द्यायला क्षणही लावला नाही: मूर्ती आणि पुतळे घेतले असते, ढाली आणि चषक घेतले नसते. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, घरी ठेवलेले हिशेब पुढे आले, तेव्हा बहुतेक तोटा ओतकामाच्या शेडचा आहे हे दिसले. पैलवानाचे वर्ष कसे असते, हे मी त्यांच्याकडूनच ऐकून घेतले. जत्रांच्या दिवसांत कुस्त्या आणि पावसाळ्यात मेहनत. व्यवसायात मात्र ते बारा महिने मैदान मांडून बसले होते. पावसाळ्यात ढालींना गिऱ्हाईक नसतानाही भाडे, वीज आणि पगार चालूच होते. तालमीतून काय न्यायचे आणि काय ठेवून यायचे, हे त्यांना तिथे प्रथम वेगवेगळे दिसले. वर्षाची आखणी न्यायची होती, शेवटपर्यंत सोसत पडून राहणे ठेवून यायचे होते.

नवी वाट तालमीच्या कट्ट्यावरच सापडली. चित्रकला शिकणारी काही मुले तिथे रेखाटने करायला येत. मल्लांच्या आकृत्या दिसायला बरोबर, पण उभ्या राहिल्यासारख्या वाटत नव्हत्या. पैलवानांनी एकाला धोबीपछाडीत भार कुठे असतो, गुडघे किती वाकतात, पाठ कशी वळते, हे मातीचा गोळा हातात घेऊन करून दाखवले. मुले पुढच्या आठवड्यात मित्रांना घेऊन आली. त्यातून पावसाळ्यात मल्लांच्या हालचाली पाहून मातीत घडवण्याचे वर्ग सुरू झाले, आणि कुस्तीच्या डावांच्या भाजलेल्या मातीच्या लहान मूर्तींची मालिका त्यांनी स्वतः करायला घेतली. शेडची जागा एका फायबर कारागिराला चालवायला दिली.

इथे कोल्हापूरबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. पैलवानांना मूर्तिकाम हे कुस्ती जमली नाही म्हणून पत्करलेले दुय्यम काम वाटत असे. ज्या शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभारले, त्यांनीच आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराला आपल्या दरबारात मान दिला. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर कॅमेरा घडवून चित्रपटांकडे वळले आणि उतारवयात पुन्हा चित्र-शिल्पांकडे आले. त्यांना या शहराने पळपुटे म्हटले नाही. ही उदाहरणे पैलवानांना शाळेपासून पाठ होती. ती आपल्यालाही लागू होतात, हे मात्र त्यांच्या मनात कधी आले नव्हते.

सगळे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. कर्ज अजून फिटायचे आहे. वर्गांचे उत्पन्न ठरावीक नाही, आणि जत्रेच्या दिवसांत जुने गिऱ्हाईक स्वस्त ढाल मागायला आले की नाही म्हणताना त्यांना आजही जड जाते. दोन्ही पतसंस्थांशी बोलून त्यांनी हप्ते नव्याने बांधून घेतले आहेत. तिथे वहिनी सोबत जातात. मुलाशी बोलणे सुरू झाले आहे, पण त्याने कुस्ती करावी की नाही यावरून वाद होतात, आणि त्या विषयावर आम्ही अजून काम करत आहोत.

अशाच टप्प्यावर असलेल्या वाचकांना एक विनंती आहे. झोप उडणे, चिडचिड आणि जेवण तुटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, दारूचा आधार वाढला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर व्यवसायाचा निर्णय होण्याची वाट पाहत थांबू नका. आपल्या डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक लावा. तिथे रात्रीही मराठीत बोलता येते.