अधिवेशन संपल्यानंतरचे नागपूर

धंतोली, नागपूर
जानेवारीचा दुसरा आठवडा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आटोपले, मंत्र्यांचे ताफे परतले, त्यांच्या मुक्कामाची रविभवन आणि नागभवन पुन्हा शांत झाली, आणि आता नागपुरात लिहिण्यासारखे काही उरले नाही म्हणून मुंबई गाठावी की काय, असे तू विचारले आहेस. जायचे की नाही हे तुझे तू ठरव. मात्र त्यासाठी तू दिलेले कारण मला पटलेले नाही आणि ते का पटले नाही, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शासनाने ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी येथे भरवावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. विदर्भातल्या माणसाला आपले गाऱ्हाणे घेऊन मुंबईपर्यंत जावे लागू नये, हा त्यामागचा भाव होता. म्हणून डिसेंबरात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, वाटेत अडवले जातात, कुणी मंत्री येऊन निवेदन स्वीकारतात आणि दुसऱ्या दिवशी आपण ‘आश्वासनानंतर मोर्चा मागे’ असा मथळा देतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु आश्वासन दिले गेले, ही सरकारची बातमी असते. त्याचे पुढे काय झाले ही आपली बातमी, आणि ती मिळवायला फेब्रुवारी, जून, सप्टेंबर असे महिने लागतात, जेव्हा येथे ना कॅमेरे असतात ना ताफे.

हे मला फार उशिरा कळले. नव्याने बातमीदारी करत असताना पूर्व विदर्भातील एका गावच्या नाल्यावरील पुलाविषयी सभागृहात उत्तर आले, ‘येत्या पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करण्यात येईल.’ मी तीन कॉलमी बातमी केली, ती माझ्या नावानिशी छापून आली आणि मी तो पूल विसरून गेलो. दोन वर्षांनी त्या गावचे एक शिक्षक कार्यालयात आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेले माझ्या बातमीचे कात्रण त्यांनी टेबलावर पसरले, शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले आणि अगदी शांतपणे विचारले, ‘साहेब, यातला पावसाळा कोन्ता जी?’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच तो प्रश्न मला जास्त लागला. त्या गावाने दोन पावसाळे माझ्या शब्दावर काढले होते आणि मी एकदाही विचारायला गेलो नव्हतो.

म्हणून पहिली सवय लाव ती सभागृहातील उत्तरे मुळातून वाचण्याची. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा तुला ठाऊक आहे : ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, त्यावर कोणती कारवाई केली?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली उत्तर : ‘होय’, ‘नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यातल्या ‘अंशतः खरे आहे’पाशी थांबत जा. कोणता अंश खरा मानला आणि कोणता नाकारला, याचा शोध घेतलास की बहुतेक वेळा बातमी हाती लागते. त्याचप्रमाणे ‘कारवाई सुरू आहे’ याचा अर्थ एखादे पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले, एवढाच असू शकतो. त्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक मागून घेत जा.

सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल हे दुसरे मोठे साधन. घटनेच्या १५१ व्या कलमाप्रमाणे ते राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवले जातात आणि बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, जेव्हा बाहेरगावचे बातमीदार सामान बांधत असतात. दुसऱ्या दिवशी एकूण आक्षेपांचा मोठा आकडा छापून येतो आणि विषय संपतो. तू तसे करू नकोस. वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प घे. १९८८ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा आणि सिंचनाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचे होते. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, २०१२ मध्ये राज्यातील सिंचनावर श्वेतपत्रिका निघाली, आणि प्रकल्पाचा अंदाजित खर्च पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. हे आकडे आता सर्वांना पाठ आहेत, आणि पाठ झालेला आकडा कुणालाच टोचत नाही. कोणत्या वितरिकेचे, म्हणजे मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या उपकालव्याचे, काम कोणत्या वर्षी थांबले, त्या निविदेची किंमत कोणत्या टिपणीवर वाढली, टेलला, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटी, असलेल्या शेतापर्यंत पाणी किती दिवस आले, हे सांगशील तेव्हा वाचक आणि अधिकारी दोघेही ती बातमी पुन्हा वाचतील.

कागद कसा वाचावा, हे मी एका मोजमाप पुस्तिकेवर शिकलो. झालेल्या कामाची मापे नोंदवण्याची ही सरकारी वही, तिला सगळे एमबी (मेजरमेंट बुक) म्हणतात. माहिती अधिकारात अर्ज करून एका उपविभागीय कार्यालयात मी ती पाहायला बसलो होतो. नाला खोलीकरणाचे काम होते. लांबी, रुंदी, खोली असे रकाने आणि प्रत्येक नोंदीखाली दिनांक व सही. आकडे एकमेकांशी जुळत होते आणि बेरजाही बरोबर होत्या. तासाभराने दिनांकावर नजर गेली. मोजमाप ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातले होते, आणि त्याच आठवड्यात त्याच नाल्याला पूर येऊन रस्ता तीन दिवस बंद असल्याची बातमी आमच्याच अंकात आली होती. भरून वाहणाऱ्या नाल्याच्या तळाची खोली कुणी आणि कशी मोजली? आम्ही ती नोंद आणि ती जुनी बातमी शेजारी-शेजारी छापली, संबंधितांचे म्हणणे खाली दिले आणि एकही विशेषण वापरले नाही. पुढे चौकशी लागली.

या कामासाठी तुला कोणताही खास अधिकार नाही, हेही लक्षात ठेव. आपल्या घटनेत वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र कलम नाही. नागरिकाला असलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच ते सामावलेले आहे, त्याचा वेगळा उल्लेख करण्याची गरज नाही, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी घटनासभेत मांडली होती. आणि ते स्वतः १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू करणारे, वृत्तपत्राची गरज नेमकी जाणणारे गृहस्थ होते. मला ही व्यवस्था योग्य वाटते. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा जो अर्ज त्या शिक्षकांना करता येतो तोच तुलाही करायचा आहे : आपल्या राज्यातील नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत, उत्तरासाठी तीस दिवस, ते न आल्यास प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाचे नागपूर खंडपीठ. प्रत मागण्यापूर्वी पाहणी मागत जा. कागदपत्रांची आणि प्रत्यक्ष कामाचीही पाहणी करण्याचा हक्क २००५ च्या त्या कायद्याने दिला आहे.

बदनामीच्या नोटिसा येतील. सार्वजनिक कर्तव्यासंबंधीच्या लेखनावर अधिकाऱ्याला नुकसानभरपाई मागायची असेल, तर ते लेखन सत्याची पर्वा न करता केले होते, हे त्याला दाखवावे लागेल. वाजवी पडताळणी केल्याचे लेखकाने दाखवले तरी पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सांगितले आहे. फौजदारी बदनामीचे कलम मात्र कायम आहे. तेव्हा पडताळणीचा प्रत्येक पुरावा, म्हणजे फोन केल्याची वेळ, पाठवलेली प्रश्नावली आणि तिची पोच, तारखेनिशी जपून ठेव. सरकारी जाहिराती बंद होण्याच्या भीतीने बातमी अडली, तर संपादकांशी समोरासमोर बोल.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना आजही जड जाते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाचे ११४ बांधव मृत्युमुखी पडले. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड-गोवारी’ या नोंदीत आपला समावेश धरावा, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर दर २३ नोव्हेंबरला झिरो माइलजवळच्या स्मारकावर वाहिलेल्या फुलांची बातमी आपण न चुकता देत आलो. त्या नोंदीचा इतिहास, तिचे जुने दस्तऐवज, मानववंशशास्त्रीय नोंदी यांवर तेवढ्याच सातत्याने लिहायला हवे होते, असे मला वाटते. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, तेव्हा हा वाद नेमका कशाचा आहे, हे वाचकांना पहिल्यापासून समजावून सांगावे लागले. मृतांचे स्मरण आपण ठेवले, पण त्यांचा प्रश्न तितकासा लक्षात ठेवला नाही.

तू पाठवलेले कात्रण मी वाचले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीची तुझी बातमी नेटकी आहे. तिच्या शेवटच्या परिच्छेदात ‘मार्चअखेर इमारत हस्तांतरित करण्यात येईल’ असे मंत्र्यांचे उत्तर आहे. ते वाक्य आजच तुझ्या डायरीत १ एप्रिलच्या पानावर उतरवून ठेव, आणि त्या दिवशी सकाळी फोन न करता एसटीने तिथे जाऊन ये.

तुझा,
काका